अमेरिकेच्या मागून चालणारी माणसं

बर्फाचं आणि किश्श्यांचं एक सारखंच असतं. रोजच्या रोज फावडं घेऊन शोव्हल केलं नाही तर साचत जातं, आणि मग एक दिवस दारच उघडत नाही. माझं तसं झालंय. आता बसलाच आहात तर ऐका. चहा मी करते, पण मध्ये बोलायचं नाही!

दोन हजार सोळा-सतराच्या सुमारास मी अमेरिकन टीव्हीवर होते. हसू नका, खरंच होते. फक्त कोणाला दिसले नाही.

अमेरिकेच्या कितीतरी सिरियली आमच्या टोरांटोत शूट होतात, कारण इथं स्वस्त पडतं. गोष्ट न्यूयॉर्कची, रस्ता आमचा. सकाळी ट्रक येतात, गाड्यांच्या नंबरप्लेटी बदलतात, मेपलच्या पानाचा झेंडा उतरवून चांदण्यांचा चढवतात, आणि माणसं कामावर पोचेपर्यंत अमेरिका तयार! त्या अमेरिकेत हिरोच्या मागून जी माणसं चालत जातात, बाकावर बसून पेपर वाचतात, स्फोट झाला की पळतात, ती आम्ही. आम्हाला ‘बॅकग्राउंड’ म्हणतात. कायल नावाचा असिस्टंट डायरेक्टर होता, तो ओरडायचा, “बॅकग्राउंड!” की आम्ही चालायला लागायचं. नियम एकच. ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. मी वसईत शाळेत शिकवायचे. माझ्यासारख्या बाईला गप्प बसण्याचे पैसे मिळतात, याचं माझ्या नवऱ्याला अजून आश्चर्य वाटतं!

आमचा चौघांचा मराठी कंपू होता. मी, साबीना. बॉस्कोभाऊ, आमच्या वसईचेच, नोकरीतून रिटायर होऊन मुलाकडे आलेले. तेजस, नाशिकचा, कॉलेज करून पार्टटाइम कामं करणारा. आणि कराडची अनघा. तिघांचे किस्से गमतीचे आहेत. अनघाचा सांगताना मात्र मी चहाचा कप खाली ठेवते.

* * *

बॉस्कोभाऊंपासून सुरू करते. या माणसाला गाडी येत नाही, आयुष्यात स्टिअरिंग धरलं नाही, पण अमेरिकन टीव्हीवर ते कायम टॅक्सी ड्रायव्हर! नाहीतर दुकानदार. आणि एकदा बढती मिळाली. अतिरेकी.

सीन असा. तीन माणसं एका खोलीत बसलीयत, दाढ्या, टोप्या, टेबलावर वायरी. दार फोडून पोलीस आत येतात, बंदुका रोखतात, तिघं हात वर करतात. बस्स, एवढंच. पण दार खरं फोडायचं होतं, आणि फोडायला दारं मोजकीच आणलेली. त्यामुळे डायरेक्टर सकाळपासून तापलेला.

“बॅकग्राउंड! ॲक्शन!”

दार फुटलं. पोलीस घुसले. “कट! कट!”

काय झालं? तर ॲक्शन ऐकलं की बॉस्कोभाऊ क्रूसाची खूण करत होते. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. आम्हा वसईच्या कॅथलिकांची सवय ती. बसमध्ये चढताना, विहिरीत उतरताना, परीक्षेला, ऑपरेशनला, कशाची सुरुवात म्हटली की हात आपोआप वर जातो. भाऊंना कळतसुद्धा नव्हतं!

दुसरं दार. पुन्हा तेच. डायरेक्टरने हेडफोन काढून फेकला. तिसऱ्या दाराआधी कायल भाऊंच्या शेजारी येऊन गुडघ्यावर बसला. गोरा पोरगा, स्वभावाने चांगला, पण घामाने भिजलेला. हळूच म्हणाला, “बॉस्को, बडी, तू प्लीज तुमच्या लोकांची प्रार्थना करशील का?”

भाऊ म्हणाले, “सर, तीच करतोय. आम्ही चारशे वर्षं हीच करतोय.”

शेवटी त्यांचे हात टेबलाखाली बांधून सीन घेतला, हात वर दोघांनीच केले.

आम्ही ते आठवून आठवून हसायचो. मग सिरियल लागली. दुसऱ्याच शनिवारी भाऊ बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये कपडे धुवायला गेले. तिथल्या एका बाईने त्यांच्याकडे बघितलं, अर्धे ओले कपडे मशीनमधून काढले, बास्केट उचलली आणि निघून गेली. रोज ‘गुड मॉर्निंग’ म्हणणारी बाई! भाऊंनी हेही हसत हसत सांगितलं. मला मात्र हसू आलं नाही, राग आला, आणि तो कोणावर काढायचा तेच कळेना. त्या दिवसापासून बॉस्कोभाऊ गळ्यातला क्रूस शर्टाच्या बाहेर काढून लॉन्ड्रीला जातात.

* * *

आता अनघा. अनघा खरी डॉक्टर. कराडला वडिलांच्या दवाखान्यात त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची. इथं पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, घेऊन एकटी आली, सगळ्या परीक्षा दिल्या, पास झाली. पण पुढं हॉस्पिटलात रेसिडेन्सीची, म्हणजे शिकाऊ डॉक्टरची, जागा मिळाल्याशिवाय पेशंटला हात लावू देत नाहीत, आणि बाहेरून शिकून आलेल्यांना जागा म्हणजे उंबराचं फूल. दरवर्षी अप्लाय करायची, दरवर्षी नकार. पोटासाठी ती एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची, भरवायची. सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर बॅकग्राउंड.

आणि गंमत बघा! कॅनडाला ती डॉक्टर वाटेना, पण अमेरिकेच्या टीव्हीला पहिल्या नजरेत वाटली. हॉस्पिटलची एक सिरियल होती, त्यात तिला पांढरा कोट चढवला आणि कॉरिडॉरमधून चालवलं. मग दर आठवड्याला तेच.

ती सिरियल भारतात लागते हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुण्याच्या आत्याने तिला पांढऱ्या कोटात बघितलं, कराडला फोन केला. रविवारी अनघाच्या बाबांचा फोन आला, “अनू, तुझ्या हॉस्पिटलात शूटिंग झालं म्हणे?”

अनघा म्हणाली, “हो.”

एक ‘हो’. बास. आणि फोनवर बाबा रडायला लागले. “आई गेली तेव्हासुद्धा नव्हते हो रडले, साबीनाताई,” ती मला सांगत होती, आणि हातातल्या पेपरकपाचे बारीक बारीक तुकडे करत होती. “आता मी ‘नाही’ कसं म्हणू?”

मी म्हटलं, “पुढच्या रविवारी म्हण.” पुढच्या रविवारी बाबांनी विचारलं, “या आठवड्यात काय केस आली?” डॉक्टर माणूस, दुसरं काय विचारणार! अनघाने त्या आठवड्याच्या एपिसोडमधली केस सांगून टाकली. मग तोच रिवाज पडला. शूटिंगच्या दिवशी ती हिरोचे डायलॉग कान देऊन ऐकायची, घरी जाऊन पुस्तकात वाचायची, आणि रविवारी बाबांना सांगायची. छतावरून पडलेला अग्निशमन दलाचा जवान. लग्नाच्या मांडवात कोसळलेली नवरी. जुळ्यांमधल्या एकालाच झालेली विषबाधा. बाबा खोदून खोदून विचारायचे. बीपी किती होतं? मग काय दिलंत? ती फोन कानाला लावून पुस्तकाची पानं उलटत राहायची. शनिवारपासूनच तिला जेवण जायचं नाही.

असं वर्षभर चाललं. एका रविवारी सगळी केस ऐकून घेतल्यावर बाबा म्हणाले, “अनू, तुमच्या हॉस्पिटलात साधा ताप कोणालाच येत नाही का गं?”

* * *

तेजसची गोष्ट वेगळीच. त्याच्या बहिणीचं नाशिकला लग्न होतं. परत यायला नवीन व्हिसा पासपोर्टवर चिकटवून घ्यायचा होता, त्यासाठी पासपोर्ट पोस्टाने ओटावाला पाठवायचा. पोराने सगळं नीट केलं. पाकीट बंद केलं, पत्ता लिहिला, तिकिटं चिकटवली, आणि सकाळी सेटवर येता येता कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं.

दुपारी आम्ही सीनसाठी उभे होतो. मला म्हणाला, “मावशी, एक टेन्शन गेलं. पासपोर्ट पोस्ट केला.”

“कुठे?”

“ती काय, निळी पेटी.”

अहो, कॅनडात पोस्टाच्या पेट्या लाल! निळी पेटी अमेरिकेची, म्हणजे सिरियलची, म्हणजे सकाळी ट्रकमधून उतरवलेली. पोराचं आयुष्य टीव्हीसमोर गेलेलं, त्याला पेटी निळीच माहीत. आम्ही बघतोय तोवर दोन माणसं आली, एकाने ती पेटी एका हाताने उचलली आणि थोडी पुढं, रस्त्याच्या कडेला ठेवली.

“पुढं का घेतली?” तेजसने विचारलं.

तेव्हा कायल कर्ण्यावर ओरडत होता, “लिसन अप! धिस इज अ वन-टेक! गाडी येणार, पेटीला धडकणार, पेटी उडणार. मग आग. बॅकग्राउंड, तुम्ही किंचाळल्यासारखं तोंड उघडायचं. नो साउंड!”

तेजस पांढराफटक पडला. शूटिंग थांबवलं तर काम जाणार, न थांबवलं तर पासपोर्ट. पलीकडं गाडीचं इंजिन सुरू झालं, आग लावणारी माणसं मुखवटे चढवत होती. बॉस्कोभाऊंनी क्रूसाची खूण केली. या वेळी शुद्धीत केली.

मी काय केलं? मी वसईची मास्तरीण! वर्गाबाहेर पळणाऱ्या पोरांना थांबवतात तसा हात वर केला आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. गाडी करकचून थांबली. कायल जे ओरडला ते मी तुम्हाला सांगणार नाही, घरात देवाचा फोटो आहे.

मी पाकिटाचं सांगितल्यावर पेटी उचलणाऱ्या माणसाने ती उलटी केली. पासपोर्टचं पाकीट पडलं. आणि त्याच्यामागून दोन वाढदिवसाची कार्डं, कोणाचंतरी विजेचं बिल, एका पोराचं सँटाला लिहिलेलं पत्र! तेजसने पाकीट उचलून छातीशी धरलं.

सेटचा सामानवाला म्हातारा मला म्हणाला, “मॅम, डोन्ट वरी. दर सीझनला होतं. लोकांना अजून अमेरिका खरी वाटते.”

* * *

मी दुसऱ्यांना काय हसू! माझ्या घरात तरी काय वेगळं होतं? माझी रेनिटा तेव्हा पंधराची, इथंच जन्मलेली. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची पद्धत. एकदा शाळेतून फार उशिरा आली. फोन बंद. माझा जीव टांगणीला. दारातच विचारलं, “कुठे होतीस?”

“आय प्लीड द फिफ्थ.”

मी म्हटलं, “तो गप्प बसायचा पाचवा नियम अमेरिकेचा. आपण कॅनडात, स्कारबरोत राहतो. आणि या घरात पहिला नियम माझा आहे!”

दार आपटलं. आतून आवाज आला, “नॉर्मल मॉम्स डोन्ट टॉक लाइक धिस!”

कुठल्या नॉर्मल मॉम्स? मी पण हट्टाने बसले आणि तिच्या लाडक्या सिरियलीतल्या आया बघितल्या. त्या ओरडत नाहीत. मुलीच्या खोलीत येतात, पलंगाच्या कडेवर बसतात, मान वाकडी करतात आणि म्हणतात, “आयम लिसनिंग, हनी.” मग मुलगी सगळं सांगते, दोघी मिठी मारतात, गाणं लागतं.

म्हटलं, करून बघू. आपलं काय जातं? संध्याकाळी हळूच दार लोटलं. पलंगाच्या कडेवर बसले. मान वाकडी केली. तिच्या पायावर हात ठेवला. म्हटलं, “रेनिटा, आयम लिसनिंग, हनी.”

पोरगी ताडकन उठून बसली. डोळे भरले.

“ओ माय गॉड, मॉम! आर यू डाइंग?”

* * *

आणि मग अनघाचे बाबा आले.

कोणी बोलावलं नव्हतं. फोनवर म्हणाले, व्हिसा झाला, तिकीट काढलं, तुझं हॉस्पिटल एकदा डोळ्यांनी बघतो आणि परत जातो. डॉक्टर केळकर. उंच, शिडशिडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं हळू. अनघा एका बेसमेंटमध्ये भाड्याने राहायची, तिथल्या पायऱ्या उतरताना-चढताना ते मध्येच थांबायचे आणि भिंतीकडं बघत राहायचे, जसं काही तिथं चित्र टांगलंय.

“गुडघे हो,” मला म्हणाले, “वयाचे गुडघे.”

पहिल्या दिवसापासून एकच धोशा. हॉस्पिटल कधी दाखवतेस? अनघा आज-उद्या करत होती. ड्यूटी बदललीय. साहेब रजेवर आहेत. परवानगी लागते. मी तिला स्वयंपाकघरात गाठून दटावलं, “सांगून टाक गं बाई! म्हातारा माणूस सात समुद्र ओलांडून आलाय.”

“सांगते. उद्या सांगते.”

आणि त्यातच एक दिवस आम्ही तिघं बसने चाललो होतो. खिडकीतून एक मोठं हॉस्पिटल दिसलं. बाबांनी पाटी वाचली आणि बस थांबवायची दोरी ओढली.

“हेच ना? चला, उतरू.”

अनघाने माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. उतरलो. बाबा फुटपाथवर उभे राहून वर बघायला लागले. मला वाटलं, आता हे दारातून आत चालत जाणार आणि काउंटरवर मुलीचं नाव सांगणार!

“आज माझी सुट्टी आहे, बाबा. कार्ड नसलं की आत सोडत नाहीत.”

“डॉक्टरला सोडत नाहीत?”

“सिक्युरिटी फार आहे इथं.”

“बरं. तू बसतेस ती खिडकी कुठली?”

अनघाने बोट वर केलं. कुठल्यातरी मजल्यावरची, कुठलीतरी. बाबांनी कपाळावर हात आडवा धरला, खिडकी शोधली, आणि तिथल्या तिथं, भर फुटपाथवर, दोन्ही हात जोडून त्या खिडकीला नमस्कार केला.

खिडकीत एक पेशंट उभा होता. त्याने हात हलवला.

रात्री मला तिचा मेसेज आला, “उद्या सेटवर घेऊन येते. जे आहे ते दाखवते आणि तिथंच सांगते. तुम्ही काही बोलू नका.”

* * *

ते शूटिंग एका बंद पडलेल्या हॉस्पिटलच्या इमारतीत होतं. बाहेरून सगळं खरं. पण आमची थांबायची खोली म्हणजे जुनं कॅन्टीन, तिथं खोटं काहीच लपत नाही. एकाच्या डोक्याला रक्ताचं बँडेज आणि तो पत्ते खेळतोय. एका बाईला नऊ महिन्यांचं पोट, ते तिने काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवलेलं.

अनघा बाबांना घेऊन आली. माझ्याजवळ बसवलं. तोंड उघडलं, “बाबा, मला तुम्हाला...” आणि तेवढ्यात कायल आला, “डॉक्टर्स! डॉक्टर्स, लेट्स गो!” ती कोट घालत पळाली. जाताना तिने माझ्याकडं असं बघितलं, की मी खरंच काही बोलू शकले नाही.

बाबा बसले. मांडीवर हात ठेवून खोलीभर नजर फिरवली. समोर एक माणूस बसला होता, त्याच्या पोटात मुठीपर्यंत सुरी खुपसलेली आणि तो आरामात मफिन खात होता. बाबा त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले. आता विचारतील, आता विचारतील.

“साबीनाबाई,” ते शांतपणे म्हणाले, “पोटात सुरी असताना खाऊ नये.”

बस्स. एवढंच! चेहऱ्यावर काही नाही. राग नाही, हसू नाही. मी काय समजायचं? बॉस्कोभाऊ कॉफी घेऊन आले, त्यांच्या हातावर सांडली.

कायल धावत परत आला. स्ट्रेचरवरचा पेशंट आलाच नव्हता, आणि कॅमेरा तयार होता. त्याची नजर बाबांवर पडली. “सर! यू आर परफेक्ट! पेशंट?”

मी घाईघाईने म्हटलं, “नो, नो, ही इज नॉट...”

बाबा उठून उभे राहिले. स्वच्छ इंग्लिशमध्ये म्हणाले, “येस. आय ॲम द पेशंट.” मग मला मराठीत, “जन्मभर दुसऱ्यांना झोपवलं, आज आपण झोपून बघू.” शर्ट काढला, घडी करून माझ्या हातात दिला, आणि कपडे वाटणाऱ्या पोरीने दिलेला निळा गाऊन चढवला.

मला त्या सीनमध्ये फुलं घेऊन बाकावर बसायचं होतं, भेटायला आलेली नातेवाईक म्हणून. स्ट्रेचर माझ्यापासून हातभर अंतरावर. बाबा छताकडं बघत पडलेले. हिरो आणि हिरॉइन पुढं भांडणार, आणि मागून डॉक्टर येणार, स्ट्रेचरपाशी थांबणार, पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावणार, फाइलवर काहीतरी खरडणार आणि निघून जाणार. डॉक्टर अनघाच होती. कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाला. तिला काहीच माहीत नव्हतं! मी तिला खूण करायला हात उचलला, आणि...

“बॅकग्राउंड! ॲक्शन!”

हिरो-हिरॉइन भांडायला लागले. अनघा चालत आली. रोजच्यासारखी, मान खाली, हातात फाइल. स्ट्रेचरपाशी थांबली. बघितलं.

ती तशीच उभी. ते तिच्याकडं बघतायत, ती त्यांच्याकडं. पळून जाते की काय असं मला वाटलं. मग तिने कानाला स्टेथोस्कोप लावला. सिरियलीत सामान बाकी सगळं खोटं असतं, पण स्टेथोस्कोप साधा का होईना खराच असतो. तिने तो बाबांच्या छातीवर टेकवला.

आता खरडायचं आणि निघायचं. ती निघेना. तिने स्टेथोस्कोप थोडा सरकवला. परत सरकवला. डोळे मिटले. कॅमेऱ्यामागून कायल हातवारे करत होता, जा, जा, पुढं जा! तिने बाबांचं मनगट धरलं, नाडीवर बोटं ठेवली. हिरो हिरॉइनला म्हणत होता की त्याचं तिच्यावर किती प्रेम आहे. अनघाच्या चेहऱ्याचा रंग उतरत चालला होता, आणि तो मेकअप नव्हता.

तिने डोळे उघडले आणि मोठ्याने, सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं, “बाबा, हे कधीपासून?”

“कट!” डायरेक्टर किंचाळला. “हू टोल्ड हर टु टॉक?”

बाबांनी गाऊनची नाडी नीट केली आणि म्हणाले,

“तू हॉस्पिटलात लागलीस ना, तेव्हापासून.”